ऐंशीवरचा काटा

१

घरात खोल्या तीन आणि माणसं दोन, त्यामुळे मागची खोली ताईनं झाडांना देऊन टाकली होती. धाकटी त्या खोलीला "तुझं सासर" म्हणायची, कारण तिथून ताई हसत बाहेर आलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

झाडं होती घटपर्णीची. घटपर्णी म्हणजे किडे खाणारं झाड. तिच्या पानाचं टोक दोरीसारखं लांबत जातं, खाली लोंबतं, आणि सगळं मनासारखं असेल तर त्या टोकाला झाकण असलेला एक पेला धरतो. पेल्यात पाण्यासारखा रस साठतो, किडा काठावरून घसरून आत पडतो, आणि मग झाड सावकाश जेवतं. ताईच्या झाडांना पानं भरपूर यायची, टोकंही लांबायची, पण पेला धरायच्या वेळी टोक काळं पडून वाळून जायचं. दोन वर्षांत एकही पेला धरला नव्हता.

कारण तिला ठाऊक होतं. गरम, दमट जंगलातली ही झाडं. त्यांना सत्तावीस अंश तापमान हवं आणि हवेत ऐंशी टक्के ओलावा. सांगायला सोपं. खोलीत हीटर लावावा तर हवा कोरडी पडायची. धुकं सोडणारा ह्युमिडिफायर लावावा तर खोली गार व्हायची. एक धरावं तर दुसरं निसटायचं. दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लावून झाल्या, खिडकीला प्लास्टिक लावून झालं, कुंड्यांखाली ओलं शेवाळ पसरून झालं.

"पालथ्या घड्यावर पाणी," धाकटी दारातून म्हणायची. "त्यापेक्षा मांजर पाळ. निदान ओरडून सांगतं काय हवं ते."

गंमत म्हणजे ताईची नोकरी नेमकी उलटी. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात ती जुने कागद दुरुस्त करायची. तिथं ओलावा हा शत्रू. दिवसभर ज्याला हाकलायचं, त्याच्याच पायाशी संध्याकाळी घरी येऊन पायघड्या घालायच्या, असा तिचा संसार होता. अपवाद एकच. एखादा कागद गुंडाळून पडून पडून इतका वाळलेला असायचा की उलगडायला गेलं तर तडकायचा. तो मात्र ओलाव्याच्या बंद पेटीत ठेवायचा. पेटीत पाणी त्याला शिवू द्यायचं नाही, नुसती दमट हवा. हळूहळू कागद सैल पडतो आणि आपण होऊन उलगडतो.

रोपं विकणारे काका झाडं देताना म्हणाले होते, "ही लाडावलेल्या पाहुण्यासारखी असते. एकदा जमलं की खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही. कुंडी फिरवायचीसुद्धा नाही. नेमकं काय जमलंय ते आपल्याला कळत नसतं, तिला कळतं." ताईनं मान डोलावली होती. जमल्यावरची गोष्ट जमल्यावर बघू, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

२

ओलावा मोजायला तिनं डिजिटल मीटर आणले होते, तेही दोन. एक अडुसष्ट म्हणायचा तेव्हा दुसरा एकोणऐंशी. दोघांचं भांडण मिटवायला तिसरा आणावा, तर तो तिसरंच काही सांगणार. ताईला आठवलं ते तळघरातल्या फळीवरचं जुनं यंत्र. त्याला वीज लागत नाही, ते चालतं माणसाच्या केसावर. हवा ओली झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा तेवढा सरकतो. तसं यंत्र आपणही करू शकतो, असं तिच्या मनात आलं.

तिचे स्वतःचे केस आखूड आणि कुरळे. धाकटीचे मात्र कमरेपर्यंत, सरळ आणि कधी रंग न लावलेले. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून तिच्या वेण्या ताईनंच घातल्या. आता धाकटी एका शाळेत गाणं शिकवत होती, तिशी ओलांडली होती, तरी सुट्टीच्या दिवशी कंगवा घेऊन ताईच्या पुढ्यात येऊन बसायची. ताईचा जगात जीव होता तो या एका माणसात. झाडं आली ती नंतर, उरलेल्या जागेत.

"एक केस दे," वेणी घालता घालता ताई म्हणाली.

"कशाला? मूठ मारणार आहेस का माझ्यावर?"

"काटा करायचाय, खोलीसाठी. माणसाचा केस खोटं बोलत नाही."

"माझा बोलेल. माझ्यावर गेलाय तो." धाकटीनं मान तिरकी केली. "घे. पण केसानं गळा कापू नकोस म्हणजे झालं."

ताईनं एक लांब केस मुळापासून उपटला. धाकटी "आई गं" म्हणाली आणि हसली. केस स्पिरिटमध्ये धुऊन ताईनं त्याचं तेल काढलं. लाकडी पट्टीच्या वरच्या टोकाला तो अडकवला, खालचा भाग बारीक आसाभोवती गुंडाळला, टोकाला शिशाचा कण बांधला आणि आसावर काटा बसवला. ओल्या टॉवेलात गुंडाळून शंभरची खूण केली, हीटरसमोर धरून खालच्या खुणा केल्या. हातचं काम सुबक झालं होतं. पट्टी तिनं सगळ्यात मोठ्या झाडाच्या शेजारी, भिंतीवर टांगली.

काटा थोडा थरथरला, वर गेला, खाली आला आणि ऐंशीवर थांबला. ताई चहा घेऊन परत आली तरी तो तिथंच होता. दोन्ही डिजिटल मीटर बघितले. दोघंही ऐंशी म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

३

त्या आठवड्यात पहिला पेला धरला. आधी टोकाला नखाएवढी सूज, मग हिरवी पिशवी, मग एका सकाळी झाकण उचललेलं. काठ लालसर, आत काचेसारखा रस. ताईनं धाकटीला झोपेतून उठवून आणलं.

"तोंड उघडं ठेवून बसलंय," धाकटी डोळे चोळत म्हणाली. "पण छान आहे हं. खरंच छान आहे." मग तिनं घसा खाकरला. "पाणी कुठंय गं? घशाला कोरड पडलीय."

पाठोपाठ दुसरा धरला, तिसरा धरला. ताई तळघरात काम करता करता गुणगुणायला लागली, तेव्हा वरिष्ठांनी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

ह्युमिडिफायरची टाकी रोज सकाळी भरायची, हे तिचं ठरलेलं काम. पेल्यांच्या आनंदात ते बरेच दिवस राहून गेलं होतं. त्या सकाळी तिनं जग भरून नेला, टाकीचं झाकण काढलं आणि बघते तर टाकी काठोकाठ. शेवटची भरली होती तेवढीच. तिला वाटलं यंत्र बंद पडलं असेल. वाकून पाहिलं तर यंत्राची पिन भिंतीतून निघून खाली पडली होती. पिनेवर धूळ बसलेली होती. एक-दोन दिवसांची धूळ ती नव्हती.

तिनं काट्याकडं पाहिलं. काटा ऐंशीवर होता. भिंतीला हात लावला तर हात ओला झाला. हे पाणी येतंय कुठून, असा सरळ प्रश्न तिच्या मनात आला आणि तितकंच सरळ उत्तर तिनं दिलं: शेवाळ ओलं आहे, फटी बंद आहेत, झाडं स्वतः बाष्प सोडतात. एवढ्या झाडांना एवढं पुरतं. हिशेब पुरता जुळत नव्हता, पण पाण्याचा हिशेब कुणाचा जुळतो?

पिन पुन्हा लावायला तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. जमलं की हात लावायचा नाही. जग तसाच भरलेला घेऊन ती बाहेर आली. स्वयंपाकघरात धाकटी उभी होती. तिनं तो जग ताईच्या हातातून घेतला आणि तिथंच, उभ्या उभ्या, तोंडाला लावून संपवला.

४

"साखर तपासून घे," ताई म्हणाली. डॉक्टरांनी साखर तपासली, मूत्रपिंड तपासलं, आणखी काय काय तपासलं. सगळं ठीक निघालं. "काही लोकांना लागतं पाणी," डॉक्टर म्हणाले. "बोलायचं काम आहे ना यांचं?"

बोलायचं काम होतंच, आणि तेच अडायला लागलं. धाकटीचा आवाज चिरकायला लागला. ओठ फुटले. हाताची कातडी ताईच्या टेबलावर येणाऱ्या कागदांसारखी झाली, बोट फिरवलं की खसखसणारी. बिछान्याजवळ पाण्याची बाटली, पिशवीत बाटली, शाळेच्या टेबलावर बाटली. "मी म्हणजे गळकी टाकी झालेय," ती म्हणायची. हसायची, आणि हसताना ओठ फाटायचे.

ती समोरच्या खोलीत रियाजाला बसली की ताई मागच्या खोलीत काटा बघत राहायची. धाकटीनं लांब सूर लावला की काटा किंचित वर सरकायचा. सूर तुटला की जागेवर. ताईनं स्वतःला समजावलं की आवाजानं भिंत हलते, भिंतीबरोबर पट्टी हलते, शाळेतल्या पोराला कळेल एवढं साधं आहे. मग तिनं रेडिओ लावून पाहिला, मोठ्यानं. काटा हलला नाही. ताईनं रेडिओ बंद केला आणि हा प्रयोग आपण केलाच नाही असं ठरवलं.

एका संध्याकाळी धाकटी शाळेतून आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. वार्षिक कार्यक्रमातली मुलांची गाणी शाळेनं दुसऱ्या बाईंना दिली होती. "म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या. आवाजाला जपा." तिचा चेहरा वेडावाकडा झाला, खांदे गदगदायला लागले, हुंदके आले. ताईनं तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि तिचा हात थांबला. गाल कोरडे होते. धाकटी रडत होती आणि डोळ्यांतून टिपूसही येत नव्हतं.

"मला रडताही येत नाहीये, ताई," ती म्हणाली. 

पाणी आणायच्या निमित्तानं ताई उठली आणि आधी मागच्या खोलीत गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. खिडकीवरच्या प्लास्टिकवरून पाणी ओघळत होतं. दाराच्या आतल्या बाजूनंही. थेंबामागून थेंब, सरळ रेषेत, जमिनीपर्यंत. ताईनं एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

खारट होता.

खताचे क्षार, ती स्वतःशी म्हणाली. खत घातलं की असं होतं. गेल्या दोन वर्षांत तिनं झाडांना खत घातलं नव्हतं. घटपर्णीला ते चालत नाही.

५

मावशी दुसऱ्या गावी राहायची. ताईनं तिला फोन करून धाकटीला तिच्याकडं पाठवून दिलं. हवापालट होईल, म्हणाली. धाकटीनं फार कुरकूर केली नाही. प्रवासासाठी तिनं इतक्या बाटल्या भरल्या की बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, बरी आहे मी. रात्रभर उठले नाही पाण्याला. मावशी म्हणते, तुझ्याच हातच्या चहात काहीतरी होतं." आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा. तिनं फोनवर एक ओळ गाऊनही दाखवली. ताईनं डोळे पुसले. तिला खरंच आनंद झाला होता आणि तो आनंद पूर्ण खरा होता, हे सांगायला हवं.

फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. काटा चाळीसच्या खाली होता.

तिनं यंत्राची पिन लावली, धुकं सुरू केलं, शेवाळ भिजवलं, पातेल्यात गरम पाणी ठेवलं. खोलीत समोरचं दिसेना इतकं धुकं झालं आणि काटा चाळीसच्या वर चढेना. केस आखडून तारेसारखा ताणला गेला होता. मोठ्या पेल्याचा काठ तपकिरी पडायला लागला, मग झाकण मुडपलं. रोज सकाळी एकेक टोक काळं पडत होतं. दोन वर्षांची वाट बघणं डोळ्यांदेखत वाळत होतं.

तिला सगळं कळलं होतं, असं म्हणता येणार नाही. पण काहीच कळलं नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. मन मोठं वकील असतं. ते म्हणालं, धाकटीवाचून घर खायला उठतं. ते म्हणालं, तिची शाळा बुडते आहे, मावशीलाही किती दिवस त्रास द्यायचा. ते म्हणालं, बरी झाली आहे ना ती, मग आता काय हरकत आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"ये आता घरी," ताईनं फोनवर सांगितलं. "तुझ्याशिवाय करमत नाही."

"अगंबाई," धाकटी म्हणाली. "झाडं आहेत की सोबतीला."

"ती काय बोलतात?"

"बरं, येते." आणि तिनं हसत फोन ठेवला.

धाकटी दारात आली तेव्हा तिचे गाल भरलेले होते, ओठ मऊ होते. तिनं ताईला मिठी मारली. मिठीतूनच ताईनं मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. बॅग खाली ठेवता ठेवता धाकटी म्हणाली, "पाणी दे गं आधी."

६

सकाळची वेळ होती. उन्हं स्वयंपाकघरातल्या फरशीवर आली होती, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धुवत होतं. ताई कामावर जायच्या तयारीत, पिशवीत डबा भरत होती. धाकटी नळाशी उभी राहून मोठ्या पेल्यातून पाणी पीत होती. पाठोपाठचे घोट ऐकू येत होते. गट, गट, गट.

ताईनं सहज वर पाहिलं. धाकटीचं तोंड पेल्याला लागलेलं होतं, मान मागं गेलेली होती, गळा उन्हात होता. तो गळा ताईला पाठ होता. लहानपणी औषध पाजताना ते गिळलं की नाही हे ती त्याच गळ्याकडं बघून ओळखायची. पेल्यातलं पाणी कमी होत होतं. गळा हलत नव्हता.

ताईनं डबा खाली ठेवला. घोट अजून ऐकू येत होते. आता तिच्या लक्षात आलं की ते समोरून येत नाहीत. ते येत होते तिच्या पाठीमागून, बंद दाराच्या पलीकडून.

नळाचा आवाज भिंतीतून येत असेल. पाइप आहेत भिंतीत. नळ बंद होता.

ती गेली. दार उघडताच दमट हवा तोंडावर आली, आणि त्या हवेला वास होता धाकटीच्या केसांचा. लहानपणी न्हाऊ घातल्यावर टॉवेलात यायचा तो. तपकिरी पडलेले पेले सगळे पुन्हा हिरवे झाले होते, झाकणं उघडी होती. मोठा पेला काठोकाठ भरला होता आणि आतलं पाणी डुचमळत होतं, नुकतंच कुणीतरी ओतावं तसं. स्वयंपाकघरात धाकटीनं दुसरा पेला तोंडाला लावला असणार, कारण तो आवाज पुन्हा सुरू झाला. गट, गट. अगदी जवळून. मोठ्या पेल्याचा देठाजवळचा भाग, जिथं तो निमुळता होतो, तिथं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं.

पुढं तिनं बघितलं नाही. खिशात कागद कापायची बारीक कात्री होती, ती कामावरची. तिनं पट्टीवरचा ताणलेला केस धरला. तो गरम होता. काका काय म्हणाले होते ते तिला आठवलं, आणि तरी तिनं हात लावला, या वेळी झाडांसाठी नाही, धाकटीसाठी. तिनं केस कापला.

शिशाचा कण टक्कन जमिनीवर पडला. काटा शून्याच्या खाली गेला. आवाज बंद झाला.

मागं धाकटीनं पेला ओट्यावर ठेवला. "ताई," तिचा आवाज आला, शांत, जरा नवल वाटल्यासारखा. "तहान गेली."

७

ताई त्या दिवशी कामावर गेली नाही. दोघी समोरच्या खोलीत बसून राहिल्या आणि ताईनं तिला कितीतरी वेळा जवळ घेतलं. दुपारी तिनं चहा केला. धाकटी म्हणाली, नको. रात्री पाणी दिलं. नको. दुसऱ्या दिवशीही नको.

"थोडं तरी पी."

"तहानच नाही गं. पोट भरल्यासारखं वाटतं."

ताईनं चमच्यानं पाजून पाहिलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून जसंच्या तसं बाहेर आलं, रस्ता ठाऊक नसल्यासारखं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. हात सुजला, एक थेंबही शरीरात गेला नाही. ते म्हणाले, भरती करू, अजून तपासण्या करू. धाकटी मान हलवून नको म्हणाली. मान हलताना आवाज झाला, बारीक, कोरडा. तो आवाज ताईच्या ओळखीचा होता. उलगडू नये असा कागद उलगडताना तो येतो.

कापलेला केस तिनं शोधून काढला, गाठ मारून पुन्हा बसवला. काटा खालीच पडून राहिला. दुसरा केस मागायला तिचा जीव धजावला नाही. झाडांचे पेले तोवर वाळून गळाले होते, पानं काळी पडली होती. त्यांच्याकडं बघायला ताईला सवड नव्हती. धुक्याचं यंत्र बंद करायचं मात्र राहून गेलं होतं.

म्हणून असं झालं की एका सकाळी ती उठली तर धाकटी बिछान्यात नव्हती. मागच्या खोलीतून गाणं येत होतं.

धाकटी मेलेल्या झाडांच्या कुंड्यांमध्ये स्टुलावर बसली होती. धुकं तिच्या खांद्यांवर उतरत होतं. ओठ ओले होते, गाल भरलेले होते, आवाज असा लागला होता की ताई दारातच उभी राहिली. "इथं बरं वाटतं," धाकटी म्हणाली. "दार लाव ना. हवा जाते."

ताईनं तिला एकदा बाहेर आणून पाहिलं. समोरच्या खोलीपर्यंत यायच्या आत आवाज गेला आणि ओठाला चीर पडली. चीर कोरडी होती, रक्त आलं नाही. ताईनं तिला उचलून परत नेलं. उचलताना ती फार हलकी लागली.

आता खोलीत कुंड्या नाहीत. स्टुलाच्या जागी पाठ टेकायची खुर्ची आहे. ताईनं पुन्हा फटींना चिकटपट्ट्या लावल्या, प्लास्टिक बदललं, हीटर आणि धुकं यांचं गणित नव्यानं मांडलं. गार झालं की धाकटीचा सूर उतरतो. कोरडं झालं की तिची बोटं आखडतात. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते ताईला काही दिवसांत जमलं, कारण चुकून चालणार नव्हतं. सत्तावीस अंश आणि ऐंशी टक्के. डिजिटल मीटरची तिला गरज पडत नाही. धाकटीचे केस मोकळे सोडलेले असतात. ते किती लांब लोंबतायत ते बघून तिला कळतं.

मावशीचा फोन येतो. ताई सांगते, बरी आहे, गाते आहे. यातलंही काही खोटं नाही. ये आता घरी, असं आपण म्हणालो नसतो तर, एवढं एक वाक्य तिनं कुणाला सांगितलेलं नाही. धाकटीला तर नाहीच.

काल दुपारी ती टाकी भरायला आत गेली. धाकटीचं गाणं नुकतंच संपलं होतं. ती मान मागं टेकून बसली होती, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. झोप लागली असावी. कुठून तरी एक चिलट आत शिरलं होतं. ते तिच्या चेहऱ्याभोवती फिरलं आणि खालच्या ओठावर बसलं. ताई ते हाकलायला पुढं झाली.

चिलट ओठाच्या ओल्या काठावरून चालत आत गेलं. धाकटी ठसकली नाही, तिनं तोंड मिटलं नाही. ताई जग हातात धरून उभी राहिली, बराच वेळ. ते बाहेर आलं नाही. मग धाकटीच्या गालांवर थोडा रंग चढला, आणि झोपेतच ती समाधानानं सुस्कारली.

ताईचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला होता. तिला हलवावं, उठवावं, हाक मारावी. तिनं हात मागं घेतला. टाकी भरली, यंत्राची पिन नीट बसली आहे ना ते पाहिलं आणि हवा जाऊ नये म्हणून दार अलगद ओढून घेतलं.